खाल्लेले अंगी का लागत नाही?

रात्रीचे आठ वाजले होते. जेवणे उरकून माणसे वर्गाला येत होती. कोणी पाटी आणली होती, कोणी वही. तात्या मात्र भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी वही उघडलीच नाही.

गुरुजींनी विचारले, "तात्या, आज बरं नाही का?"

तात्या म्हणाले, "आजचं काय विचारता, गुरुजी? चार महिने झाले. जेवलो की पोट फुगतं. आत गुडगुड वाजतं. ढेकर येतो तोही घाण वासाचा. दिवसातून तीन-चार वेळा परसाकडे पळावं लागतं. हा सदरा बघा, कसा लोंबतोय!"

"काही औषध केलं?"

"केलं की! सोडा झाला, ओवा झाला, चूर्ण झालं. एक म्हणाला, पित्त आहे. दुसरा म्हणाला, वायगोळा आहे. तिसरा म्हणाला, कुणीतरी करणी केलीय. उताऱ्यापायी कोंबडं गेलं. औषधापायी शेळी गेली. दुखणं होतं तिथंच आहे."

काकू दाराशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खातात तर दोन वेळा पोटभर. पण खाल्लेलं अंगी लागत नाही बघा."

गुरुजींनी फळा पुसला. ते म्हणाले, "काकू, तुम्ही अगदी मोक्याचं बोललात. खाल्लेलं अंगी लागतं म्हणजे काय होतं? आणि ते लागतं कुठं? आज गणित राहू द्या. आज आपण पोट शिकू."

जठर म्हणजे उखळ

गुरुजींनी फळ्यावर माणसाचे चित्र काढले. मग विचारले, "अन्न कुठं जिरतं, सांगा बघू."

सगळ्यांनी छातीखाली हात ठेवला.

गुरुजी हसले. "तिथं जठर आहे. आपण घास चावून गिळतो. तो अन्ननळीतून जठरात उतरतो. जठर म्हणजे पिशवी आहे. तिथं आंबट रस सुटतो. अन्न दोन-चार तास घुसळलं जातं. त्याची पेज होते. जठर हे उखळासारखं आहे. उखळात धान्य कांडलं, म्हणजे पोट भरलं का?"

"नाही," सगळे म्हणाले.

"तसंच हे. जठरात अन्न कांडलं जातं. पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. काही आजारांत डॉक्टरांना जठर पुरतं कापून काढावं लागतं. तरी ती माणसं जगतात. थोडं थोडं खातात, पण जगतात. मात्र त्याच्या पुढचा एक अवयव पुरता काढला, तर माणूस तोंडानं कितीही खावो, ते त्याला पुरत नाही. त्या अवयवाचं नाव लहान आतडं."

लहान आतडे नावाचे लहान

जठराच्या खाली एक लांब नळी असते. ती बेंबीच्या आसपास वेटोळे करून बसलेली असते. तिलाच लहान आतडे म्हणतात. ती अंगठ्याएवढी जाड असते. पण लांबी किती? सुमारे १५ ते २० फूट! म्हणजे माणसाच्या उंचीच्या तिप्पट तरी झाली. तिच्यापुढे मोठे आतडे लागते. ते जाड असते, पण लांबीला फक्त ५ फूट असते.

एका तरुणाने विचारले, "मग हे लहान कसं?"

गुरुजी म्हणाले, "जाडीनं लहान. कामानं सगळ्यांत मोठं."

या नळीत तीन ठिकाणांहून रस येतात. यकृतातून पित्त येते. स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी जठरामागे असते, तिचा रस येतो. आतड्याचा स्वतःचाही रस असतो. तेलकट ताटाला राख लावली की तेल सुटते. तसे पित्त अन्नातले तेल-तूप फोडते. बाकीचे रस भाकरी, डाळ, दूध यांचे बारीक बारीक कण करतात.

पण कण झाले म्हणजे काम झाले असे नाही. ते कण रक्तात गेले पाहिजेत.

गुरुजी म्हणाले, "तात्या, विहिरीचं पाणी पंपानं काढलं. पाटात सोडलं. पाणी धो धो धावलं आणि ओढ्याला जाऊन मिळालं. पीक येईल का?"

"कसं येईल? पाणी वाफ्यात मुरलं पाहिजे."

"बरोबर. लहान आतडं हा तुमच्या पोटातला वाफा आहे. अन्न तिथं मुरतं. मुरलं तर अंगी लागतं. नाही मुरलं तर वाहून जातं."

आतली मखमल

लहान आतड्याच्या आतली बाजू गुळगुळीत नसते. ती मखमलीसारखी असते. मखमलीवर जसे बारीक धागे उभे असतात, तसे आतड्यात बारीक कोंब उभे असतात. ते डोळ्यांना नीट दिसत नाहीत, इतके लहान असतात. प्रत्येक कोंबात रक्ताच्या केसाहून बारीक वाहिन्या असतात. अन्नाचा कण कोंबात शिरतो आणि तिथून रक्तात जातो.

इतके कोंब कशाला? जागा वाढावी म्हणून. आतड्याच्या घड्या आणि कोंब उलगडून पसरले, तर एका मोठ्या खोलीची जमीन झाकली जाईल. एवढा मोठा वाफा आपल्या पोटात घडी करून ठेवलेला आहे.

आपण पितो ते पाणी आणि अंगातून सुटणारे रस मिळून रोज सुमारे ९ लिटर पातळ पदार्थ या आतड्यात येतो. म्हणजे जवळजवळ एक कळशी! त्यातला बहुतेक सगळा इथेच मुरतो. म्हणून आपला मळ घट्ट होतो. लोह इथेच रक्तात जाते. जीवनसत्त्वे इथेच रक्तात जातात. लोहाशिवाय रक्त वाढत नाही.

आता या मखमलीला इजा झाली तर? कोंब झिजले तर? मग खाल्लेले तसेच पुढे सरकते. मोठ्या आतड्यात ते आंबते. वायू होतो. पोट फुगते. मळ पातळ, चिकट, फिकट आणि घाण वासाचा होतो. कधी तो पाण्यावर तरंगतो. माणूस खातो, पण वाळत जातो. रक्त कमी होते. तोंड येते. थकवा येतो. आपल्याकडे जुनी माणसे याला संग्रहणी म्हणत.

तात्या सावरून बसले. "गुरुजी, हे सगळं माझंच सांगताय तुम्ही!"

"म्हणूनच सांगतोय. अपचन जठराचंही असतं. तंबाखूनं होतं, जागरणानं होतं, काळजीनंही होतं. पण महिनाभर पोट बिघडलेलं आहे आणि माणूस वाळतोय, तर आतड्याकडे बघितलं पाहिजे. सोडा घेऊन त्याची मखमल उगवत नाही. उद्या सरकारी दवाखान्यात जा. मळ तपासून घ्या."

तात्या लाजले. "तो डबीत घालून न्यायचा? लोक काय म्हणतील?"

कापडवाल्याची गोष्ट

गुरुजी म्हणाले, "एक गोष्ट सांगतो. हॉलंड देशात डेल्फ्ट नावाचं गाव आहे. तिथं लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. तो मोठ्या शाळेत शिकला नव्हता. त्या काळी पंडित लॅटिन भाषेत लिहीत. याला लॅटिन येत नव्हती. आपल्या बोलीतच तो लिही. त्याला भिंगं घासायचा नाद होता. त्याच्या भिंगातून बारीक वस्तू खूप मोठी दिसे.

"१६८१ साली त्याचं पोट बिघडलं. पातळ होऊ लागलं. त्यानं काय केलं? आपलाच मळ भिंगाखाली ठेवला. त्यात त्याला हलणारे बारीक जीव दिसले. त्यानं ते लिहून लंडनच्या विद्वानांना कळवलं. त्याच्या वर्णनावरून आज जाणकार म्हणतात, तो जिआर्डिया नावाचा जंतू होता. हा जंतू लहान आतड्याच्या मखमलीला चिकटून बसतो. अन्न मुरू देत नाही. तो घाण पाण्यातून पोटात जातो.

"त्या कापडवाल्याला लाज वाटली नाही, तात्या. म्हणून जगाला कळलं. तुम्ही का लाजता?"

वर्गात हशा पिकला. तात्याही हसले.

तात्यांचा इलाज

दुसऱ्या दिवशी तात्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी पोट तपासले. वजन केले. रक्त तपासले. मळ तपासायला दिला. पहिल्या दिवशी काही सापडले नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा जंतू रोज दिसतोच असं नाही. पुन्हा आणा." तिसऱ्या वेळी जिआर्डिया सापडला.

"पाणी कुठलं पिता?" बाईंनी विचारले.

"घरी नळाचं. शेतात गेलो की ओढ्याचं."

"ओढ्याच्या वरच्या अंगाला लोक परसाकडे बसतात का?"

तात्यांनी मान खाली घातली.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. त्या म्हणाल्या, "सांगितल्या तेवढ्या सगळ्या घ्या. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका. शेतात जाताना घरून उकळलेलं पाणी न्या. पाण्याला चांगली उकळी फुटू द्या. आणि काही आठवडे दूध पचणार नाही. दुधातली साखर फोडणारा रस आतड्याच्या मखमलीतच तयार होतो. मखमल झिजली की तो रसही कमी पडतो. तोवर दही घ्या, ताक घ्या. ते पुष्कळांना सोसतं."

काकू म्हणाल्या, "आमच्या जाऊबाईंना तर काही आजार नाही. तरी पेलाभर दूध प्यालं की त्यांचं पोट वाजतं."

"वय वाढलं की हा रस कित्येकांचा आपोआप कमी होतो. ते दुखणं नव्हे. सोसेल तेवढं घ्यावं."

तात्यांनी सांगितल्याप्रमाणे केले. आतड्याच्या अस्तरात एक मोठा गुण आहे. ते दर चार-पाच दिवसांनी नवे होत असते. खोडी काढणारा गेला, की मखमल पुन्हा उगवू लागते. तात्यांचे पोट बसले. दीड-दोन महिन्यांत सदरा अंगाला बसू लागला.

उरलेल्या गोळ्या

तात्यांची एक सहा वर्षांची नात होती. तिचेही पोट फुगलेले असे. हातपाय काटकुळे होते. मळ पातळ होई. बरोबरीच्या मुली तिच्याहून बोटभर नव्हे, वीतभर उंच झाल्या होत्या. जंताचे औषध दोनदा देऊन झाले होते.

पुढे कधीतरी तात्यांचे पोट पुन्हा थोडे बिघडले, तेव्हा कोणा ओळखीच्याने त्याच गोळ्या आणून दिल्या होत्या. पोट आपोआप बसले, गोळ्या तशाच राहिल्या. काकूंनी त्या डबीत जपून ठेवल्या होत्या. एके दिवशी त्यांनी वर्गात विचारले, "गुरुजी, पोरीचं दुखणं ह्यांच्यासारखंच आहे. त्यातली एक-एक गोळी तिला देऊ का?"

गुरुजी घाईने म्हणाले, "नका देऊ, काकू! लक्षण एक असलं, तरी कारण एक असेलच असं नाही. दोन वाफ्यांतलं पीक पिवळं पडलं. एकात कीड असेल, दुसऱ्यात पाणी साचलं असेल. दोन्हीला एकच औषध मारून कसं चालेल? पोरीला दवाखान्यात न्या."

पोरीच्या मळात काही सापडले नाही. रक्त मात्र फार कमी होते. लोहाच्या गोळ्या देऊनही वाढत नव्हते. डॉक्टरबाईंनी तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. तिथे रक्ताची एक खास तपासणी झाली. मग तोंडावाटे बारीक नळी घालून आतड्याचा मोहरीएवढा तुकडा काढला. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मखमलीचे कोंब झिजून सपाट झाले होते.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, "हिला गहू सोसत नाही. या आजाराला सिलिअ‍ॅक म्हणतात."

काकूंना खरे वाटेना. गहू म्हणजे चांगलेचुंगले खाणे! पोर आजारी म्हणून तर त्या तिला मुद्दाम चपाती देत होत्या. दुधात बिस्किटे देत होत्या.

पाव मिळेनासा झाला तेव्हा

त्या रात्री गुरुजींनी वर्गात आणखी एक गोष्ट सांगितली.

"हीही हॉलंडचीच गोष्ट. हेग शहरात विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे अशीच फुगलेल्या पोटाची, वाळलेली मुलं येत. गव्हानं त्यांचं बिघडतं, अशी डॉक्टरांना आधीपासून शंका होती. पुढं महायुद्ध आलं. १९४४ सालच्या हिवाळ्यात तिथं मोठा दुष्काळ पडला. लोक उपासमारीनं मेले. पाव मिळेनासा झाला. पण ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. १९४५ साली युद्ध संपत आलं. पाव पुन्हा मिळू लागला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. डिके यांनी या मुलांच्या आहाराच्या नोंदी केल्या, तपासण्या केल्या आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. तेव्हापासून जगाला कळलं, की काही माणसांच्या आतड्याला गहू सोसत नाही."

तात्यांनी विचारले, "मग आम्ही सगळ्यांनीच गहू सोडायचा का?"

"मुळीच नाही. बहुतेकांना गहू चांगला पचतो. ज्याला हा आजार आहे, त्यानंच सोडायचा. आणि तपासणीच्या आधी आपल्या मनानं सोडायचा नाही. आधीच सोडला, तर तपासणीत आजार नीट कळत नाही. पण एकदा आजार ठरला, की जन्मभर गहू बंद. एक घाससुद्धा नाही."

घरात काय बदलले

गहू बंद म्हणजे चपाती बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे बंद. सातू म्हणजे जवही बंद. पण ज्वारी चालते. बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी चालते. डाळी, भाज्या, अंडी, दूध-दही चालते. गरिबाची भाकरी हेच पोरीचे औषध ठरले.

तरी अडचणी आल्या. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली, की तिच्यात गव्हाचे पीठ येते. काकूंनी माळ्यावरचे जुने जाते खाली काढले. बाजारच्या पुष्कळ हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. तो हिंग बंद झाला. एका लग्नात पाहुण्यांनी आग्रह केला, "एका पुरीनं काय होतंय?" पोरीने खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिचे पोट दुखले. त्यानंतर काकू आग्रहाला बधल्या नाहीत.

होळीला सगळ्यांच्या पानात पुरणपोळी होती. काकूंनी नातीला तांदळाच्या पिठाची पोळी करून दिली. ती थोडी फाटली. पण पोर खुशीत खाऊन उठली.

तात्यांनीही एक काम केले. पिठाचा एक वेगळा डबा आणला. त्यावर कागद चिकटवला. स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिले : "नातीचे पीठ. यात गहू घालू नये." तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कामासाठी लिहिलेली ती ओळ होती.

दाराच्या चौकटीवर पोरीच्या उंचीची खूण केली होती. वर्षभरात दुसरी खूण पहिलीच्या बरीच वर गेली.

हे लक्षात ठेवा

१. महिनाभर पोट बिघडलेले असेल, तर घरगुती औषधांवर राहू नका. दवाखान्यात जा.

२. वजन घटते, मळात रक्त पडते, मळ डांबरासारखा काळा होतो, रात्री झोपेतून उठून जावे लागते, सारखी उलटी होते, पोटात गोळा लागतो किंवा मूल वाढत नाही, तर एक दिवसही थांबू नका.

३. संध्याकाळी ताप येतो, उजवीकडे बेंबीखाली दुखते आणि माणूस वाळतो, तर तो आतड्याचा क्षयही असू शकतो. त्यावर औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. पण ते महिनोनमहिने, डॉक्टर सांगतील तोवर घ्यावे लागते.

४. अनवाणी पायांतून आकड्यासारखे जंत अंगात शिरतात. ते लहान आतड्यात राहून रक्त पितात. उघड्यावर शौचाला बसू नका. पायात वहाणा घाला.

५. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. पाणी उकळून प्या.

६. एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नका. लक्षण एक असते, कारणे अनेक असतात.

विचार करा आणि लिहा

१. लहान आतड्याला गुरुजींनी वाफ्याची उपमा का दिली?

२. तात्यांच्या गोळ्या नातीला का चालल्या नसत्या?

३. तुमच्या घरात पिण्याचे पाणी कुठून येते? शेतात काय पिता? चार ओळी लिहा.

४. तुमच्या ओळखीत कोणाला खाल्लेले अंगी लागत नाही का? हा धडा त्यांना वाचून दाखवा.